फायब्रोसिसच्या प्रयोगासाठी मऊ आणि कडक जेल: संभाजीनगरच्या उन्हाळ्यात घालायची पद्धत

प्लास्टिकच्या प्लेटवर वाढवलेले फायब्रोब्लास्ट (ऊतकाचं जाळं विणणाऱ्या पेशी) ‘निरोगी’ कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून धरू नका. बीड-परभणीहून लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्या पोरांना मी हे आधीच सांगते. पोरं मान हलवतात आणि तेच करतात. निरोगी फुफ्फुसाचा कडकपणा साधारण 2 किलोपास्कल. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे ऊतकात व्रणासारखं जाळं साचत जातं त्या आजारात, तो 15-20 पर्यंत जातो. प्लास्टिकचा मात्र गिगापास्कलमध्ये मोजावा लागतो, म्हणजे आजारी फुफ्फुसाच्याही लाखपट.

पेशी खालची जागा धरून ओढते. पावसानं भिजलेल्या काळ्या रानात गाडी ढकलायला पाय रोवत नाही, तसं मऊ जेलवर तिचा ताण साठतच नाही. कडक जेलवर साठतो. मग पेशीच्या आत ॲक्टिन या प्रथिनाचे जाड दोर तयार होतात, याप हे प्रथिन केंद्रकात शिरतं, अल्फा-एसएमए हे स्नायूंतलं प्रथिन दिसायला लागतं आणि फायब्रोब्लास्टचा मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे स्नायूसारखी ओढणारी पेशी, होतो. त्यानं सोडलेल्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनानं ऊतक आणखी कडक होतं. वर ही ओढच पेशींभोवतीच्या जाळ्यात अडकून पडलेला टीजीएफ-बीटा, म्हणजे हाच बदल घडवणारा संकेत-रेणू, मोकळा करते.

आता कृती. 1 मिलिलिटर मऊ जेलसाठी 40 टक्क्यांचं ॲक्रिलामाइड 75 मायक्रोलिटर आणि 2 टक्क्यांचं बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारं बिस-ॲक्रिलामाइड) 30 मायक्रोलिटर घ्या; कडकसाठी 250 आणि 150. बाकी पीबीएस (पेशींना चालणारं मिठाचं बफर द्रावण). पहिलं 1 किलोपास्कलच्या आत राहतं, दुसरं 35 च्या आसपास जातं. मधलं हवं असेल तर 125 आणि 75, साधारण साडेचार. जेल न झालेलं ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना विषारी असतं, हातमोजे काढायचे नाहीत. मिश्रणातली हवा काढून 10 टक्क्यांचं एपीएस 10 मायक्रोलिटर आणि टेमेड 1 मायक्रोलिटर घाला; या दोघांमुळे जेल धरतं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 42 च्या पुढं गेला आणि लाइट गेली, तर हे मिश्रण पिपेटमध्येच धरतं. म्हणून एपीएस-टेमेड सगळ्यात शेवटी, आणि एसी चालू असलेल्या सकाळीच जेल घालायचं. एका दिवशी 24 अंशांत आणि दुसऱ्या दिवशी 36 ला घातलेलं जेल एकाच कडकपणाचं धरू नका.

जेल घट्ट चिकटावं म्हणून सिलेन-ग्लुटरल्डिहाइड लावलेल्या 12 मिलिमीटरच्या काचेवर 10 मायक्रोलिटरचा थेंब टाका आणि वर पाणी न धरणारी काच ठेवा. जाडी 90 मायक्रोमीटरच्या जवळपास येते. यापेक्षा फार पातळ केलंत तर पेशीला खालची काच जाणवते. वरची काच काढली की लगेच पीबीएसमध्ये. इथली कोरडी हवा जेलच्या कडा बघता बघता वाळवते.

उघड्या जेलला पेशी चिकटत नाहीत. सल्फो-सॅनपाह हे प्रकाशानं जोडणी करणारं रसायन ऐन वेळी पाण्यात विरघळवून, 365 नॅनोमीटरच्या प्रकाशात जोडून, त्यावर कोलॅजन रात्रभर ठेवा. इथं खरी गोम आहे: मऊ आणि कडक जेलवर कोलॅजन सारखंच बसलंय का, हे अँटिबॉडीनं तपासा. नाहीतर तुम्ही कडकपणा नाही, कोलॅजनचं प्रमाण मोजताय. हे टाळणाऱ्यांचे आलेख मी बघतसुद्धा नाही.

पेशी विरळ पेरा. दाटीत त्या एकमेकींनाच ओढतात. टीजीएफ-बीटा घातलेली प्लेटमधली एक विहीर (खळगा) तुलनेला ठेवा, 48 ते 72 तासांनी अल्फा-एसएमए आणि याप रंगवा.

कडकपणा पुस्तकातल्या तक्त्यावरून लिहू नका, आपल्याच घाण्यातलं एक जेल ऱ्हिओमीटरवर, म्हणजे कडकपणा मोजणाऱ्या यंत्रावर, लावा. यंत्र जी (कर्तन मापांक) देतं, ई (यंग मापांक, म्हणजे वर किलोपास्कलमध्ये दिलेला कडकपणा) त्याच्या साधारण तिप्पट. एक आणखी: पेशींना जुना पृष्ठभाग आठवतो. प्लास्टिकवर बरेच पॅसेज (एका प्लेटमधून दुसरीत नव्यानं पेरणं) काढलेले फायब्रोब्लास्ट मऊ जेलवर टाकले तरी काही काळ कडकपणातच वागतात, म्हणून प्रयोगासाठी कमी पॅसेजच्या पेशी घ्या आणि पॅसेजचा आकडा प्रत्येक प्लेटवर लिहा.