चौदा रकाने, चौदा टिंबं

महापेला पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत बिझनेस अॅनालिस्ट म्हणून लागलो आणि महिन्याभरात सीआरएमचं, म्हणजे गिऱ्हाइकांची सगळी माहिती एका जागी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम गळ्यात पडलं. सॉफ्टवेअर घ्यायचं, लॉगिन वाटायचे, झालं, असा माझा समज. पहिले तीन आठवडे झोहो, सेल्सफोर्सचे डेमो बघण्यात गेले. डेमोत सगळंच छान दिसतं. तिथल्या गिऱ्हाइकांची नावं कोणीतरी आधीच नीट लिहून ठेवलेली असतात.

आमच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकच पार्टी पाच नावांनी. कुठे आधी 'मे.', कुठे 'एंटरप्रायझेस'चं स्पेलिंग वेगळं. मोबाइल नंबरवरून जुळवावं, तर परचेसचा माणूस नोकरी बदलून गेलेला, नंबर तोच. शेवटी अकाउंट्समधल्या ताई म्हणाल्या, "अरे, जीएसटी नंबर धर ना!" तो १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. रबाळेच्या कारखान्याचा नंबर २७ने सुरू होतो, त्याच कंपनीच्या वापीच्या कारखान्याचा २४ने; पण मधला पॅन एकच, म्हणजे पार्टी एकच. या साफसफाईला जितके दिवस लागतील असं वाटतं, त्याच्या दुप्पट धरा. मी धरले नव्हते.

फॉर्मचा घोळ मात्र सर्वस्वी माझा. लीडसाठी, म्हणजे होऊ शकणाऱ्या नव्या गिऱ्हाइकासाठी, १४ रकाने, सगळे सक्तीचे. आठवड्याने रिपोर्ट काढला, तर सेल्सच्या एका पोराने रकान्यारकान्यात नुसतं टिंब टाकलेलं! तणतणत सरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "उद्या त्याच्या गाडीवर मागे बस." बसलो. तुर्भे, पावणे, रबाळे. भर उन्हात, ट्रकांच्या रांगेशेजारी बाइक उभी करून तो पोरगा अंगठ्याने टाइप करत होता. तिसऱ्या भेटीनंतर मीच म्हणालो, टाक टिंब. परत आल्यावर चार रकाने ठेवले: कंपनी, कोणाशी बोललो, काय हवंय, परत कधी.

खरी अडचण निघाली ती सेल्समधल्या जुन्या काकांच्या डायरीत. बावीस वर्षांची गिऱ्हाइकं त्यात. "हे सगळं मशीनला दिलं, की माझं काय उरलं?" त्यांनी तोंडावर विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. रिपोर्टवरून महिनाभर कोणाची हजेरी घ्यायची नाही, एवढं सरांकडून कबूल करून घेतलं.

आता शनिवारी काका डायरी घेऊन शेजारी बसतात. ते वाचतात, मी भरतो. 'परत कधी' तेवढं स्वतः टाकतात.