सेमी-ऑटो बंदूक घेताना डोळे मिटून बघा

सेमी-ऑटो म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक. परवाना हातात आला की दुकानात आपण आधी कंपनी बघतो, मग दस्त्याची चकाकी. बंदूक अंगाला बसते का, हे राहून जातं. आणि न बसणारी बंदूक कितीही महाग असली तरी छर्रे तबकडीच्या (सरावाला हवेत फेकतात ती मातीची चकती) वरून नाहीतर खालून जातात.

१. बोल्ट मागे ओढा. चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन (पुढची काडतुसं राहतात ती जागा) दोन्ही रिकामी आहेत ना, बोट घालून बघा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.
२. भिंतीवरचा एक ठिपका धरा, डोळे मिटा, बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका.
३. मान न हलवता डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी नळीवरच्या पट्टीवर सरळ दिसला तर ठीक. पट्टी लांबच लांब दिसली तर मार वर जाणार. नुसती बंदुकीची पाठ दिसली तर खाली.

फरक थोडा असेल तर दस्ता आणि बंदुकीच्या सांध्यात घालायच्या पातळ चकत्या मिळतात का, विचारा. बऱ्याच सेमी-ऑटोंसोबत त्या येतातच. साताऱ्याच्या थंडीत सरावाला जाणार असाल तर स्वेटर घालूनच बघा, जाड कपड्याने दस्ता लांब पडतो. डावखुऱ्यांनी रिकामं काडतूस कुठल्या बाजूने उडतं तेही बघावं.

काडतुसाच्याच गॅसवर चालणारी सेमी-ऑटो धक्का कमी देते, पण काजळी वेळच्या वेळी काढावी लागते.

सांभाळायचं एकच: ७० मिमी चेंबरमध्ये ७६ मिमीचं काडतूस बसलेलं दिसलं तरी उडवू नका. आणि हे सगळं तबकडीसाठी. पाखरांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे.