केंद्र सरकारच्या इमारती आणि सेवाशुल्क: मागणी बिलातल्या या चुका टाळा

नगरपरिषदेच्या कर विभागात डाकघर, आयकर कार्यालय, रेल्वे वसाहत यांच्या फायली जाडजूड होत जातात, वसुली मात्र होत नाही. दोष बहुतेक वेळा बिलाच्या मथळ्यातच असतो.

छापील नमुना तोच, म्हणून केंद्राच्या कार्यालयालाही ‘मालमत्ता कर’ लिहिलेलं बिल जातं. ‘आम्हाला कर माफ आहे’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि संविधानाच्या कलम 285 प्रमाणे ते बरोबरच असतं. पण रस्ता, दिवाबत्ती, गटार, कचरा यांचा खर्च शहराला चुकत नाही. तो शेवटी नियमित कर भरणाऱ्यांच्या डोक्यावर बसतो. म्हणून बिलात ‘सेवाशुल्क’च लिहा. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचे दर ठरले आहेत: सगळ्या सेवा घेतल्या तर मालमत्ता कराच्या 75 टक्के, काही घेतल्या तर 50, एकही घेतली नाही तरी 33⅓. दुसऱ्या मालकाला 12 लाख कर बसला असता, तर इथे 9, 6 किंवा 4 लाख.

शेवटचा दर अनेकांना पटत नाही. मला तो न्याय्य वाटतो, कारण वसाहतीचं फाटक ओलांडलं की माणूस शहराच्याच रस्त्यावर येतो.

सरसकट 75 टक्के लावू नका. ज्या वसाहतीचं पाणी आणि झाडलोट स्वतःची आहे, ती हरकत घेणारच आणि फाईल पुन्हा अडकणार. आधी दोन्ही बाजूंनी एकत्र पाहणी करा, कोणती सेवा कोण देतं ते लिहून काढा आणि प्रत्येक मालमत्तेचा वेगळा करार करा. थकबाकी राहिली म्हणून जप्तीची नोटीस मात्र पाठवू नका. केंद्राविरुद्ध अशी सक्ती चालत नाही, कायदेशीर मंचाकडेच जावं लागतं.

उलट चूकही होते. सरकारी कंपनीला केंद्राचं खातं समजून माफी दिली जाते. शेअर सगळे केंद्राचे असले तरी मालमत्ता कंपनीचीच, हे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खटल्यात स्पष्ट झालं आहे. तिथे पूर्ण कर लागतो. त्यामुळे दारावरच्या पाटीवर विसंबू नका, मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचं आहे ते पाहा.

राज्य सरकारच्या इमारतींना वरचे दर लावू नका. त्यांचा हिशेब त्या त्या पालिकेच्या कायद्याने होतो. मुंबईत 1888 च्या अधिनियमाच्या कलम 144 नुसार सर्वसाधारण कराच्या बदल्यात त्याचा आठ-दशांश मिळतो.

इमारत 1950 पूर्वीची असेल तर जुनी आकारणी नोंदवही आधी शोधा. संविधान लागू होण्याच्या वेळी ती करपात्र होती आणि तो कर त्या राज्यात आजही चालू आहे, तर कलम 285(2) नुसार तो सुरू राहतो, जोवर संसद वेगळा कायदा करत नाही. तसं असेल तर सेवाशुल्काऐवजी त्या कराचंच बिल काढा आणि नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत सोबत जोडा.