गडगा ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करा

कोकणात रानडुकरांपासून भातशेती राखायला परवान्याची बंदूक घेऊन रात्री निघत असाल, तर गडगा (रचलेल्या दगडांची भिंत), वहाळ (ओढा) किंवा काटेरी कुंपण ओलांडण्याआधी नळी उघडून दोन्ही काडतुसं खिशात टाका. सेफ्टीवर विसंबू नका. बऱ्याच दुनळी बारा बोअर बंदुकांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. बंदूक हातातून सुटून आपटली तर बार उडू शकतो. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीची केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढली तरी दारू आणि छरे आत असतातच, म्हणून ती भरलेलीच समजा. नळी जोडीदाराच्या दिशेने कधीच नको. आणि झुडपात नुसती सळसळ ऐकू आली तर कृपा करून थांबा, आधी बॅटरी मारा. तिथे शेजारचा राखणदारही असू शकतो.