पंधरा अंशांची नवी स्पीशीज

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे एका काजूच्या बागेत मी जमिनीत प्लास्टिकचे ग्लास पुरून ठेवले होते. पाऊस ओसरला तेव्हा त्यातल्या एकात दोन नर कोळी सापडले. तीन-साडेतीन मिलिमीटरचे, तपकिरी. पुढची स्पिनरेट्सची (रेशीम सोडणाऱ्या नळ्यांची) जोडी लांब आणि बाकीच्या जेमतेम, त्यामुळे हे मुंग्यांचे कोळी, म्हणजे झोडारिडी कुळातले, एवढं लगेच कळलं. त्याच रात्री दोघांचे पाल्प (तोंडाजवळचे छोटे पाय, नरात त्यांच्या टोकाला समागमाचं इंद्रिय असतं) मायक्रोस्कोपखाली घेतले आणि पहाटे तीनला माझं ठरलं: या दोन वेगळ्या स्पीशीज आहेत, आणि त्यातली एक कुठल्याच पेपरात नाही.

सकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मग नाव काय ठेवूलायस त्याला?" म्हणाली. मी म्हटलं, गावाचं. दुपारपर्यंत किराणा दुकानदारालाही कळलं होतं.

ती एकच स्पीशीज होती, तीही आधीच नाव असलेली. हे उमगायला मला अकरा महिने लागले.

(स्पीशीज हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जुन्या मराठी पुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट, आणि पेपरवाल्यांच्या बातमीत प्रजाती म्हणजे स्पीशीज. या घोळात आणखी भर नको.)

पाल्प काय, एपिगाइन (मादीच्या पोटाखालचं जननेंद्रिय) काय, पिल्लावरून स्पीशीज का ठरत नाही, हे कोळ्यांचा अभ्यास सुरू केलेल्या तुम्हाला ठाऊक असणार. मला गिळलं ते वेगळ्या खड्ड्यानं, आणि त्याबद्दल वर्गात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं: कोन.

नराच्या पाल्पच्या टिबियावर (टोकाच्या आधीच्या पेरावर) बाहेरच्या अंगाला एक काटा असतो. जवळच्या स्पीशीज वेगळ्या करताना याच काट्याचं टोक बघतात. बोथट आहे का, वाकडं आहे का, दुभंगलेलं आहे का. माझ्या पहिल्या नराचं टोक आकडीसारखं होतं, दुसऱ्याचं दुभंगलेलं. पण पहिला नर मी अख्खा डिशमध्ये ठेवून पाहिला होता आणि दुसऱ्याचा पाल्प तोडून अल्कोहोलमध्ये सोडला होता. तुटलेला पाल्प तुम्हाला पाहिजे तसा पडत नाही, त्याला पाहिजे तसा पडतो. तो आतल्या अंगाला साधारण पंधरा अंश कलला होता. तेवढ्यानं काट्यामागची कड पुढे डोकावली आणि मला टोक दुभंगलेलं दिसलं. वर, एकाचा डावा पाल्प आणि दुसऱ्याचा उजवा. चित्रं सहसा डाव्याची असतात. मी उजव्याचं चित्र मनातल्या मनात उलटं करून जुळवत होतो. रात्री तीन वाजता मनातल्या मनात काही उलटं करू नका.

आता मी काय करतो ते सांगतो, आणि कंटाळवाणं वाटलं तरी हे करा. छोट्या डिशमध्ये हँड सॅनिटायझरचं जेल घ्या, पाल्प त्यात रोवा, वरून अल्कोहोल सोडा. जेल नसेल तर धुतलेली बारीक वाळू चालते. दोन्ही नमुन्यांचा डावाच पाल्प घ्या. सिम्बियमच्या (पाल्पच्या टोकाच्या पेराच्या) दोन कडा ठरलेल्या तऱ्हेनं एका रेषेत आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. मग चित्र काढा, पाल्प बाहेर काढा, चहा पिऊन या, पुन्हा रोवा, पुन्हा काढा. असं तीनदा. एकाच पाल्पच्या तुमच्या तीन चित्रांतला फरक तुमच्या "दोन स्पीशीज"मधल्या फरकाएवढा निघाला, तर तुमच्याकडे दोन स्पीशीज नाहीत, हात कच्चा आहे. माझा होता. वर्षभरात सुधारतो, घाबरू नका.

केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) पाल्प जास्त वेळ राहिला तर बल्ब, म्हणजे टोकाचं समागमाचं इंद्रिय, फुगतो आणि आतले भाग जागा बदलतात. फुगलेल्याची तुलना न फुगलेल्याशी करायची नाही. मादीचं एपिगाइनही तिरकं पडलं की तसंच फसवतं, आणि भोकावर समागमानंतरचा डाट बसलेला असेल तर आणखीच.

मग "कुठल्याच पेपरात नाही" हे काय होतं? तो माझा आळस. मी एकाच जीनसच्या नावाखाली शोधत होतो. या कुळाचा भारतातला जुना संसार उधारीच्या नावांवर चालला. कोळ्यांचे अभ्यासक टिकादार यांनी १९८१ मध्ये पुण्यावरून नाव दिलेली स्पीशीज ल्युटिका या जीनसमध्ये होती. खरी ल्युटिका राहते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत! आपल्याकडची आता ट्रोपिझोडियम या जीनसमध्ये आहे, आणि ते जीनस २००५ मध्ये तयार झालं. स्टोरेना या जीनसचंही तेच, तो मुळात ऑस्ट्रेलियाकडचा गट. कोळीतज्ज्ञ झोके यांनी १९९१ मध्ये कुळातली सगळी जीनसं नव्यानं मांडली, तिथून वाचायला सुरुवात करा. बर्नच्या संग्रहालयाचा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग फुकट आहे, नाव नोंदवलं की जुने पेपरही उतरवता येतात. कुळातली भारतातली सगळी नावं काढा आणि सगळी चित्रं बघा, जीनस कुठलंही असो. आठवडा जातो. जाऊ दे.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. फोटो टाकून "आयडी प्लीज" म्हणणाऱ्यांनी हे कुळ सोडून द्यावं. डीएनए बारकोड (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून ओळख) चांगली गोष्ट आहे, पण जुन्या टाइप नमुन्याचा (ज्यावरून नाव दिलं त्या मूळ नमुन्याचा) बारकोडच नसेल तर तुमचा कशाशी जुळवणार? संशोधनाच्या गाइडचं म्हणाल तर माझे पहिले गाइड चित्र न बघताच म्हणाले, "नवीन आहे, लिहून टाक, माझं नाव पुढं." माझी चूक पकडली ती दुसऱ्या एका बाईंनी. त्यांनी फक्त विचारलं, "हा पाल्प कुठल्या बाजूनं बघितलास?" गाइड निवडताना किती पेपर आहेत ते मोजू नका, तुमच्या डिशमध्ये डोकावतात का ते बघा.

आणि मुंग्यांचा कोळी आहे म्हणून "मुंग्या खातो" असं डोळे झाकून लिहू नका. याच कुळातल्या युरोपातल्या झोडारियनवर संशोधक पेकार यांनी पाहिलंय: पायाला चावून मागं सरकतो, मुंगी लुळी पडायची वाट बघतो, मग ती उचलून नेतो. आपल्या काजूच्या बागेतल्यानं काय खाल्लं ते तुम्ही पाहिलं असेल तरच लिहा. एका रात्री टॉर्च धरून बसलो असताना शेजारच्या रानातले कानडी आजोबा आले. जेड (कोळी) बघतोय, इरुवे (मुंगी) खातो का ते बघतोय, असं मी सांगितलं. ते अर्धा तास बसले, मग म्हणाले, तो काही खाणार नाही, तू जेवून घे.

भीमगडात अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं चाळणी घेऊनही जायचं नाही. खरंच नवी स्पीशीज निघाली तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानं नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो, तो घरच्या कपाटात ठेवायचा नसतो.

शेवटचं, नमुन्याच्या चिठ्ठीचं. बाटलीच्या आत, पेन्सिलनं, जाड कागदावर. मी नुसतं "खानापूर" लिहिलं होतं. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, सगळं लिहा. आपल्याकडे बेळगाव आणि बेळगावी दोन्ही चालतं, कुठलंही एक लिहा पण जिल्हा लिहा. जुनी चिठ्ठी काढून टाकायची नाही, नवी तिच्याशेजारी घालायची असा रिवाज आहे. त्यामुळे माझ्या त्या दोन नरांच्या बाटलीत आज तीन चिठ्ठ्या आहेत, आणि काचेतून पहिली दिसते ती "नवी स्पीशीज!!" असं लिहिलेली, दोन उद्गारचिन्हांसकट.