एचटीटीपीएसच्या आत बघायचंय? रूट सर्टिफिकेट टाकायच्या आधी हे वाचा

सिक्युरिटीचं काम करणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच, की लॅपटॉपमधून बाहेर जाणारं जवळपास सगळंच आता एन्क्रिप्टेड आहे, मग आतून मालवेअर कोणाशी बोलतंय किंवा फाइली कुठे चालल्यात ते कळणार कसं. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, एसएसएल इन्स्पेक्शन (एन्क्रिप्टेड ट्रॅफिक मधेच उघडून तपासणं) चालू करून टाका ना. आणि खरंच एकच चेकबॉक्स असतो हो. तो टिक केला की पुढचे दोन आठवडे फोन वाजत राहतो. मी हे सगळं भोगलंय, म्हणून ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. डिव्हाइस तुमचं स्वतःचं असेल किंवा संस्थेचं असेल आणि वापरणाऱ्याला लेखी सांगितलेलं असेल, तरच पुढे वाचा. दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप रूट सर्टिफिकेट (ज्याची सही असली की डिव्हाइस कुठल्याही साइटचं सर्टिफिकेट खरं मानतं) टाकणं याला इन्स्पेक्शन म्हणत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी तो सरळ गुन्हा आहे.

न उघडता काय दिसतं ते आधी बघा

लोक ही पायरी सरळ उडी मारून पुढे जातात, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. कनेक्शन सुरू होताना क्लायंट जो पहिला मेसेज पाठवतो, क्लायंट हॅलो म्हणतात त्याला, त्यात ज्या साइटकडे जायचंय तिचं नाव उघडंच असतं, ते एसएनआय. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचा एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल, त्याच्या १.२ मध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेटसुद्धा उघडं दिसायचं, २०१८ मध्ये आलेल्या १.३ मध्ये ते झाकलं गेलं, आणि आता एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो वापरणाऱ्या साइट्सचं खरं नावही दिसत नाही. तरी आयपी, वेळ, किती बाइट गेले किती आले, डीएनएसला (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) काय विचारलं, हे सगळं राहतंच. शिवाय क्लायंट हॅलोमधल्या सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) आणि एक्स्टेन्शनच्या यादीवरून जेए३ नावाचा फिंगरप्रिंट काढता येतो, म्हणजे समोरचा प्रोग्राम स्वतःला क्रोम म्हणवतो पण हॅलो मात्र भलत्याच लायब्ररीसारखा करतो, हे पकडता येतं. नवीन क्रोम एक्स्टेन्शनचा क्रम दर वेळी पिसतो त्यामुळे जेए३ तिथे लंगडा पडतो, म्हणून नंतर जेए४ आला.

आणि तुम्ही डिव्हाइसवर बसलेले असाल तर तुमच्याकडे अजून एक हुकमी पत्ता आहे जो गेटवेवाल्याकडे (ऑफिसच्या नेटच्या तोंडाशी बसून बघणाऱ्याकडे) नसतो: हे कनेक्शन कुठल्या प्रोसेसने उघडलं ते. विंडोजवर सिसमॉन (मायक्रोसॉफ्टचं, मशीनवरच्या घडामोडींचा लॉग ठेवणारं टूल) टाका, इव्हेंट ३ म्हणजे नेटवर्क कनेक्शन (हे डीफॉल्टला बंद असतं, कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं), इव्हेंट २२ म्हणजे डीएनएस क्वेरी. कॅल्क्युलेटरसारखा प्रोग्राम दर ६० सेकंदांनी एकाच पत्त्यावर तेवढेच बाइट पाठवत असेल तर आत काय लिहिलंय ते वाचायची गरज आहे का? मशीन बाजूला काढा, झालं.

एकाच मशीनचं बघायचं असेल तर कुलूप तोडू नका, किल्ली मागा

स्वतःच्या मशीनवर एखादी साइट किंवा ॲप काय पाठवतंय एवढंच बघायचं असेल तर प्रॉक्सीच्या (मधे बसून ट्रॅफिक उघडणारा प्रोग्राम) भानगडीत पडायची गरज नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि कर्ल या तिघांना एसएसएलकीलॉगफाइल नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कळतं. त्यात एका फाइलचा पाथ द्या, त्याच टर्मिनलमधून ब्राउझर उघडा, की प्रत्येक कनेक्शनच्या किल्ल्या त्या फाइलमध्ये ओळीओळीने पडायला लागतात. मग वायरशार्कमध्ये (नेटवर्कचं ट्रॅफिक कॅप्चर करून दाखवणारं टूल) प्रेफरन्सेस, प्रोटोकॉल्स, टीएलएस, तिथे मास्टर सीक्रेट लॉग फाइलच्या रकान्यात तोच पाथ द्या, आणि मघाशी नुसतं ॲप्लिकेशन डेटा दिसत होतं तिथे एचटीटीपीच्या रिक्वेस्ट दिसायला लागतात. पहिल्यांदा बघताना मजा येते खरंच.

फसायच्या जागा दोन. ब्राउझर आधीच मागे चालू असेल तर तुम्ही टर्मिनलमधून उघडलेली खिडकी त्या जुन्या प्रोसेसलाच जाऊन चिकटते आणि फाइल रिकामी राहते, मी यात एक अख्खी दुपार घालवलीय, ब्राउझर पूर्ण बंद करा, ट्रेमधूनसुद्धा. दुसरं म्हणजे कॅप्चर आधी चालू करा आणि साइट नंतर उघडा, कारण हँडशेक (कनेक्शन जुळतानाची सुरुवातीची बोलणी) हुकला तर किल्ली असूनही कुठल्या कुलुपाची ते वायरशार्कला कळत नाही. काम झालं की ती फाइल उडवा, ती आणि कॅप्चर ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येईल.

लिनक्सवर अजून एक वाट आहे, ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) वापरून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या रीड आणि राइट फंक्शनवर हुक लावायचा, म्हणजे एन्क्रिप्ट व्हायच्या आधीचाच मजकूर मिळतो. ईकॅप्चर नावाचं टूल हेच करतं. रूट लागतं, आणि ज्या प्रोग्रामने स्वतःचीच लायब्ररी आत कोंबलीय तिथे हुक बसवायला जरा खटपट पडते.

प्रॉक्सी मधे बसवणं म्हणजे नक्की काय होतं

फोनचं ॲप तपासायचं असेल तर मात्र प्रॉक्सी लागते. सुरुवातीला मिटमप्रॉक्सी घ्या, फुकट आहे आणि काय चाललंय ते डोळ्यासमोर दिसतं. लॅपटॉपवर चालू करा, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट ८०८० द्या, फोनच्या ब्राउझरमध्ये मिटम डॉट इट उघडा, सर्टिफिकेट उतरवून घ्या. आयफोनवर प्रोफाइल इन्स्टॉल करून भागत नाही, जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्जमध्ये जाऊन अजून एक स्विच चालू करावा लागतो, आणि हा स्विच सगळेच विसरतात. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ॲप्स युजरने टाकलेलं सर्टिफिकेट मुळात मानतच नाहीत, ॲपच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये तशी परवानगी असेल तरच. ॲप तुमचंच असेल तर डीबग बिल्डमध्ये ती परवानगी घाला, रिलीजमध्ये चुकूनही नको.

आता आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ब्राउझरला वाटतं आपण साइटशी बोलतोय, पण त्याचा हँडशेक प्रॉक्सीशी झालेला असतो. प्रॉक्सी त्या साइटच्या नावाचं सर्टिफिकेट जागच्या जागी तयार करते, स्वतःच्या रूटने सही करते, आणि पलीकडे खऱ्या साइटशी वेगळं कनेक्शन करते. म्हणजे कनेक्शन दोन, आणि मधे सगळं उघडं. ब्राउझर तक्रार का करत नाही, तर तुम्ही हाताने टाकलेलं रूट दिसलं की क्रोम आपली पिनिंगची यादी (कुठल्या साइटला ठराविक कुठलं सर्टिफिकेट चालेल ते) बाजूला ठेवतो आणि सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीचा (सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदीत असल्याचा) पुरावाही मागत नाही, मालकाने मुद्दाम टाकलंय असं तो धरून चालतो. त्यामुळे खऱ्या साइटचं सर्टिफिकेट तपासायची जबाबदारी पूर्णपणे तुमच्या प्रॉक्सीवर येऊन पडते. ती झोपली तर उठवणारं कोणी नाही.

अख्ख्या ऑफिसला लावायचं असेल तर

रूट की हाच सगळ्यात नाजूक भाग. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर सापडलं, ते एचटीटीपीएस उघडायला स्वतःचं रूट टाकायचं आणि सगळ्या लॅपटॉपांवर तीच प्रायव्हेट की होती, तिचा पासवर्डही एका संशोधकाने लगेच काढला: कोमोडिया, म्हणजे ज्या कंपनीचं इंजिन वापरलं होतं तिचंच नाव. एकदा ती की बाहेर पडल्यावर कोणीही कुठल्याही साइटचं बनावट सर्टिफिकेट त्या लॅपटॉपांना खपवू शकत होतं. त्याच वर्षी डेलचं ईडेलरूटही त्याच वाटेने गेलं. तेव्हा तुमच्या प्रॉडक्टसोबत आलेलं तयार रूट वापरू नका. स्वतःचं रूट बनवा, ते ऑफलाइन ठेवा, प्रॉक्सीला फक्त इंटरमीजिएट (रूटने सही केलेलं मधलं सर्टिफिकेट) द्या, आणि त्याची की जमल्यास एचएसएममध्ये (की बाहेर न सोडणारं हार्डवेअर). इन्स्पेक्शन डिव्हाइसवरच्याच एजंटमध्ये होत असेल तर दर मशीनची की वेगळी तयार होते ना, ते व्हेंडरला स्पष्ट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

ॲपलच्या डिव्हाइसवर अजून एक अट आहे: सर्व्हर सर्टिफिकेटची मुदत ८२५ दिवसांपेक्षा जास्त असली की ते नाकारलं जातं, मग रूट तुम्ही टाकलेलं का असेना. प्रॉक्सी दहा वर्षांची सर्टिफिकेटं छापत असेल तर मॅकवर काहीच उघडणार नाही आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या देत बसाल.

रूट वाटायचं ते एमडीएम (संस्थेची डिव्हाइस दुरून सांभाळणारी सिस्टिम) किंवा विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून. सिस्टिमच्या साठ्यात गेलं म्हणजे सगळ्यांनी मानलं असं मात्र समजू नका. फायरफॉक्सचा साठा वेगळा, सिस्टिमचे रूट मानायची पॉलिसी चालू आहे का ते बघा. जावाचा आपला कीस्टोअर. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय नावाच्या आपल्या वेगळ्या यादीवर चालते. नोडला वेगळं व्हेरिएबल, आणि प्रत्येक डॉकर इमेजच्या आत अजून एक साठा. आम्ही लावलं तेव्हा सोमवारी सकाळी डेव्हलपर मंडळींचं पॅकेज उतरवणं बंद पडलं, आम्ही दुपारपर्यंत शोधत बसलो, तोवर एकाने स्क्रिप्टमध्ये व्हेरिफाय फॉल्स टाकून आपली गाडी पुढे काढली आणि बाकीच्यांनी तेच कॉपी केलं. सहा महिन्यांनी ती ओळ प्रॉडक्शनच्या कोडमध्ये सापडली. म्हणजे सिक्युरिटीसाठी बसवलेल्या वस्तूने व्हेरिफिकेशनच बंद करायची सवय लावली. म्हणून चालू करायच्या आधी डेव्हलपरांना तयार इन्स्टॉल स्क्रिप्ट द्या, प्रत्येक भाषेसाठी.

क्विकचं, म्हणजे एचटीटीपी ३ ज्या यूडीपीवरच्या प्रोटोकॉलवर चालतं त्याचं, पण बघा. ब्राउझर यूडीपी ४४३ वरून एचटीटीपी ३ बोलायला लागला की बऱ्याच प्रॉक्सींना ते दिसतच नाही, बाहेर जाणारं यूडीपी ४४३ अडवलं की ब्राउझर गुपचूप टीसीपीवर येतो. फायरफॉक्सने डीफॉल्टला चालू केलेलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (डीएनएसचे प्रश्नही एन्क्रिप्ट करून पाठवणं) बंद ठेवायला तुमच्या डीएनएस सर्व्हरने यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट हे नाव अस्तित्वात नाही असं उत्तर दिलं की पुरतं, पण युजरने ते स्वतः चालू केलं असेल तर नाही.

न उघडायची यादी

ही यादी पहिल्या दिवशी तयार हवी. बँका, दवाखाने, कर भरायच्या साइट, यांच्यात हात घालू नका, तिथून मिळणारं काही तुम्हाला नकोच आहे आणि मिळालं तर सांभाळायची डोकेदुखी वेगळी. ॲपलच्या स्वतःच्या सर्व्हिसना मधे प्रॉक्सी दिसली की त्या कनेक्शन तोडतात, ऑपरेटिंग सिस्टिमची अपडेट्सही सोडा. पिनिंग करणारी ॲप्स तुटणारच. जिथे क्लायंटलाही सर्टिफिकेट दाखवावं लागतं, म्युच्युअल टीएलएस, तिथे प्रॉक्सीकडे क्लायंटची की नसते म्हणून तेही तुटतं. आणि एंड टू एंड एन्क्रिप्शनच्या मेसेजिंग ॲपचं टीएलएस उघडूनही आतला मेसेज झाकलेलाच राहतो, तेव्हा त्यामागे वेळ घालवू नका.

मला विचाराल तर उलटं करा. सगळं उघडून मग वगळत बसण्यापेक्षा काहीच न उघडता सुरू करा आणि नव्याने रजिस्टर झालेली डोमेन, वर्गीकरण नसलेल्या साइट, फाइल शेअरिंग, एवढंच उघडा. प्रॉक्सीवरचा भारही कमी राहतो.

प्रॉक्सीची परीक्षा घ्या

चालू केल्यावर, फक्त एकदा नाही तर प्रॉडक्टच्या दर अपडेटनंतर, बॅडएसएसएल डॉट कॉमवर जा. तिथे मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं ठेवलेली आहेत: मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं, सेल्फ साइन्ड, अनोळखी रूटचं. प्रत्येक लिंक प्रॉक्सीमागून उघडा. एरर आली तर छान. एकदा एका प्रॉडक्टच्या डेमोला मी मुदत संपलेलं सर्टिफिकेट उघडलं तर पान झकास उघडलं, कुलपाचं चिन्हही नीट, कारण ब्राउझरला दिसत होतं ते प्रॉक्सीने आत्ताच छापलेलं ताजं सर्टिफिकेट. समोरचे गृहस्थ म्हणाले, ते सेटिंग आहे सर, चालू करता येतं. म्हणजे डीफॉल्टला बंद होतं! अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. बाहेरच्या बाजूला टीएलएस १.० आणि १.१ चालतंय का तेही बघा, ती दोन्ही २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालीत.

लॉगमध्ये काय साठतंय

उघडलेल्या ट्रॅफिकमध्ये लोकांचे पासवर्ड आणि सेशन कुकी असतात. पूर्ण बॉडी साठवू नका. प्रोसेस, डोमेन, निकाल, वेळ, फाइलचा हॅश, एवढ्यावर भागतं. ऑथरायझेशन आणि कुकी हेडर लिहायच्या आधीच पुसून टाका, आणि लॉग कोणी उघडला याचाही लॉग ठेवा. आमच्याकडे ही पुसापुशी फक्त डॅशबोर्डवर व्हायची, म्हणजे पडद्यावर तारे आणि डिस्कवर खरे पासवर्ड, हे बॅकअप तपासताना कळलं.

काढताना

टेस्टिंग संपलं की फोनमधला प्रॉक्सी आणि सर्टिफिकेट दोन्ही काढा, लोक प्रॉक्सी काढतात आणि सर्टिफिकेट विसरतात. मिटमप्रॉक्सीची प्रायव्हेट की होम फोल्डरमधल्या डॉट मिटमप्रॉक्सी फोल्डरमध्ये साधीच पडलेली असते. लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा किंवा विकायचा असेल तर नुसता एजंट अनइन्स्टॉल करून थांबू नका, कित्येक अनइन्स्टॉलर रूट मागे सोडून जातात. विंडोजवर ट्रस्टेड रूटची यादी, मॅकवर कीचेन, दोन्हीकडे बघा आणि फायरफॉक्स असेल तर तिथेही. मग ऑफिसच्या बाहेरच्या नेटवर तुमच्या वगळायच्या यादीत नसलेली कुठलीही साइट उघडा, कुलपाच्या चिन्हावरून सर्टिफिकेट उघडा आणि इश्यूड बाय ही ओळ वाचा. तिथे अजून तुमच्याच संस्थेचं नाव दिसत असेल तर एजंट कुठेतरी जिवंत आहे, परत शोधायला लागा.