एका हाडावरून लांबी: प्राचीन सागरी सरीसृपांचा खरा आकार कसा काढायचा

इक्थिओसॉर, प्लायोसॉर किंवा मोसासॉरचा पूर्ण सांगाडा फार क्वचित हाती लागतो. मिळतो तो एखादा मणका, जबड्याचा तुकडा, फार तर अर्धी शेपूट. म्हणून लांबी बहुतेकदा त्रैराशिकानं काढतात: सांगाडा बराचसा पूर्ण असलेला जवळचा नातेवाईक घ्यायचा, त्याच्या त्याच हाडाशी आपल्या हाडाचं गुणोत्तर काढायचं आणि त्यानं त्याच्या लांबीला गुणायचं. गणित शाळेतलंच आहे. घोळ होतो तो हाड ओळखताना आणि तुलनेचा प्राणी निवडताना.

आधी हाडाची जागा ठरवा. प्लायोसॉरच्या मणक्याच्या गोल चकतीवरच बरगडीची खाच असेल तर तो मानेचा. खाच अर्धी चकतीवर, अर्धी वरच्या कमानीवर (चकतीच्या वर, मज्जारज्जूभोवती असलेल्या हाडावर) असेल तर मान आणि पाठ यांच्या सांध्याजवळचा. चकतीवर खाच नसेलच तर पाठीचा. शेपटीच्या मणक्यालाही बाजूला खाच असते, पण त्याच्या खालच्या कडेला शेव्हरॉन (शेपटीखालची V आकाराची) हाडं टेकल्याच्या खुणा दिसतात. पाठीचा मणका मानेचा समजून मानेच्या मणक्याशी ताडला, तर प्राणी कागदावर उगाच वाढतो.

मग कॅलिपरनं चकतीची लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही मोजा. थरांच्या दाबानं चेपलेला मणका अंडाकृती होतो. नुसती रुंदी धरली तर आकडा फुगतो. वयही तपासा. प्लायोसॉरमध्ये कमान चकतीशी जुळून आली नसेल तर प्राणी बहुधा वाढीच्या वयातला. इक्थिओसॉरमध्ये ही खूण चालत नाही, कारण त्यांच्यात मोठेपणीही कमान सुटीच राहते. पिल्लाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं, त्यामुळे पिल्लाच्या प्रमाणावरून प्रौढाची लांबी काढली तर ती कमी येते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो तुलनेच्या प्राण्याला. रशियातल्या पेन्झा इथल्या मोसासॉरसच्या खालच्या जबड्याची लांबी सुमारे 1.71 मीटर धरली जाते. जबडा शरीराच्या दहाव्या भागाइतका, हा जुना ठोकताळा लावला की प्राणी 17 मीटरचा होतो. तोच जबडा सातवा भाग धरा, उत्तर 12 मीटर. हाड तेच, मोजमापही तेच. पाच मीटरचा फरक फक्त गुणोत्तरातून आला. म्हणून गुणोत्तर कुठल्या सांगाड्यावरून घेतलं आणि त्या सांगाड्याची शेपूट खरी आहे की प्लास्टरची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हार्वर्डमधला क्रोनोसॉरस हा प्लायोसॉर 12.8 मीटरचा उभारला गेला, पण त्यातला बराच भाग प्लास्टरचा आहे आणि मणके गरजेपेक्षा जास्त बसवले गेले असावेत. नंतरच्या अभ्यासात या प्राण्याची लांबी साडेदहा मीटरच्या आसपास आली. असा सांगाडा प्रमाण मानला तर त्यातली चूक पुढच्या प्रत्येक अंदाजात उतरते.

इंग्लंडमधल्या लिलस्टॉकला 2016 मध्ये इक्थिओसॉरच्या खालच्या जबड्यातलं सरअँग्युलर हे हाड मिळालं. तुकडा 96 सेंटिमीटरचा. कॅनडातल्या 21 मीटरच्या शोनिसॉरस सिकॅनिएन्सिस या इक्थिओसॉरच्या त्याच हाडापेक्षा ते सुमारे 25 टक्के मोठं, म्हणून 26 मीटरपर्यंतचा अंदाज निघाला. हे 26 वरचं टोक आहे. दुसऱ्या नातेवाइकांशी ताडल्यावर आकडे खालीही येतात.

पाठीचा कणा बराचसा सलग मिळाला असेल तर त्रैराशिकापेक्षा बेरीज बरी. मणक्यांच्या लांब्या मिळवा आणि मधल्या कूर्चेसाठी वाढ द्या. सरासरी 8 सेंटिमीटरचे 100 मणके म्हणजे 8 मीटर. कूर्चा 5 टक्के धरली तर 8.4, 15 टक्के धरली तर 9.2. धरलेली टक्केवारी लिहून ठेवा. जुरासिक इक्थिओसॉरचा कणा शेपटीच्या टोकाशी खाली वाकलेला असतो, तेव्हा वाकासकट कण्याची लांबी की नाकापासून शेपटीपर्यंतची सरळ रेष, हेही स्पष्ट करा. कच्छमधल्या लोडाई गावाजवळच्या इक्थिओसॉरचा 2017 मधला अभ्यास या पद्धतीचा चांगला नमुना आहे: जपलेला कणा आणि मुस्कटाचं टोक मोजून, हरवलेली कवटी आणि वाकापुढची शेपूट हिशोबात धरून, 5 ते 5.5 मीटर असा पल्ला दिला आहे.

वजन सगळ्यात शेवटी. शरीराचे आडवे काप लंबवर्तुळ मानून आकारमान काढा आणि घनता समुद्राच्या पाण्याच्या आसपास, दर घनमीटरला 1000 ते 1025 किलो धरा. धडाची रुंदी बरगड्यांच्या कोनावर ठरते. सपाट चेपलेल्या सांगाड्यातल्या पसरलेल्या बरगड्या जशाच्या तशा मोजल्या तर धड पिंपासारखं फुगतं. शिवाय वजन लांबीच्या घनात वाढतं: लांबी 10 टक्क्यांनी जास्त धरली की वजन 33 टक्क्यांनी चढतं, 20 टक्क्यांनी धरली की 73 टक्क्यांनी.

उत्तर लिहिताना एकच आकडा देऊ नका. ऑक्सफर्डशायरमधल्या प्लायोसॉरच्या मोठ्या मणक्यांवरून 2023 मध्ये 9.8 ते 14.4 मीटर असा अंदाज दिला गेला. पल्ला रुंद दिसतो, पण सुट्या मणक्यांतून तेवढंच कळतं. मथळ्यांमध्ये मात्र फक्त 14.4 उरतं, आणि मग तोच आकडा पुढच्या तुलनेत ‘मोजलेली लांबी’ म्हणून शिरतो. तुमच्या नोंदीत हाडाचं नाव, तिन्ही मापं, संग्रहालयातला नमुना क्रमांक, तुलनेचा सांगाडा आणि पल्ल्याची दोन्ही टोकं एकाच ओळीत ठेवा, म्हणजे एक टोक सुटं करून उचलता येणार नाही.